घरबसल्या कलेचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी युनियनच्या माणसाला व्यासपीठावर बोलावले म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता नाही तर कंत्राटी कामगार यांपैकीच कशावर तरी बोलणार, अशी आपली समजूत असणे साहजिक आहे. चालकांचीही तशीच होती. विषय आम्हीच बदलून मागितला. आज आम्ही बोलणार आहोत कलेच्या इतिहासाविषयी. आणि तो महाविद्यालयाच्या वर्गात पाऊल न टाकता, ऑनलाइन पदवीच्या वाटेने घरी बसून कसा शिकता येतो, त्यात काय मिळते आणि काय मिळत नाही, याविषयी. आम्ही स्वतः दहावीच्या पुढची शाळा पाहिलेली नाही. पुढे जे काय शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा पंडिताचे व्याख्यान ऐकायला मिळेल ही आशा आपण आताच सोडावी. एका प्रश्नाचे उत्तर आम्हाला वेळेवर देता आले नाही, म्हणून ते शोधत हिंडावे लागले, त्याची ही हकिकत आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची एक सभासद, औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात काम करणारी मुलगी, पहिली पाळी संपवून कचेरीत आली. आम्हाला वाटले, पगाराच्या चिठ्ठीत काही घोळ असेल. ती म्हणाली, "काका, बी. ए. करायचं म्हणते. ऑनलाइन. कलेचा इतिहास घेऊन."

आम्ही हसलो. आणि हसून वर विचारले, "त्यानं पगारात एक रुपया तरी वाढेल का गं?"

ती रागावली नाही. म्हणाली, "काका, दर गेट मीटिंगला तुम्ही सांगता, आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपले. त्या आपल्या आठ तासांत काय करायचं, ते मात्र तुम्ही कधी सांगितलं नाही."

तीस वर्षे आम्ही मालकांच्या वकिलांपुढे बसलो आहोत, परंतु असे निरुत्तर कोणी केले नव्हते. ती गेली, आणि आम्ही त्या विषयाच्या मागे लागलो.

प्रथम आमची स्वतःची एक चुकीची समजूत दूर करावी लागली. कलेचा इतिहास म्हणजे चित्रकारांची नावे, जन्ममृत्यूच्या सनावळ्या आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातल्या गप्पा, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पहिल्याच पुस्तकात आमच्यापुढे आला तो एक करारनामा! आणि करारनामा म्हटला की तो आमच्या घरचाच विषय.

इटलीतील फ्लॉरेन्स शहरी दोमेनिको गिर्लांदायो नावाचा चित्रकार होता. तेथल्या अनाथालयाच्या प्रमुखाने १४८५ साली त्याला एक मोठे चित्र सांगितले. विषय होता बाल येशूच्या दर्शनाला आलेले राजे. त्या वेळी दोघांत झालेला करार आजही वाचायला मिळतो. एकूण रक्कम ११५ फ्लोरिन. दरमहा ३ फ्लोरिन द्यायचे. मुदत तीस महिने, आणि मुदत चुकली तर चित्रकाराला १५ फ्लोरिन दंड. चित्र ठरलेल्या रेखाटनाबरहुकूम झाले पाहिजे आणि चित्रकाराने ते स्वतःच्या हाताने काढले पाहिजे. रंग आणि सोने चित्रकाराच्या पदरचे; त्यातही निळा रंग औंसाला ४ फ्लोरिन किमतीचाच हवा, हलका चालणार नाही. आणि इतके सगळे झाल्यावर ते काम ११५ फ्लोरिनच्या लायकीचे आहे की नाही हे ठरवणार कोण? तर करार लिहिणारे फ्रा बर्नार्दो नावाचे साधू! त्यांना तसे वाटले नाही तर कमी देण्याचा अधिकार त्यांचा.

हा कागद वाचून आम्ही खुर्चीत ताठ बसलो. मुदत, दंड, माल कामगाराचा, आणि कामाची प्रत ठरवण्याचा हक्क मालकाच्या बाजूच्या माणसाचा! असे करार आम्ही आमच्या धंद्यात किती वाचले आहेत! पुढे वाचले तर, चित्राखालची लहान चित्रांची पट्टी बार्तोलोमेओ दी जोव्हान्नी नावाच्या दुसऱ्याच कारागिराने रंगवली आहे. तो चार फ्लोरिनचा निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणीतून निघालेला दगड कुटून करीत. म्हणजे फ्लॉरेन्सच्या देवघरातल्या त्या निळ्या वस्त्रामागे एक खाणकामगार होता, उंटवाला होता, व्यापारी होता आणि खलबत्ता चालवणारा पोऱ्याही होता.

मायकेल बॅक्सँडल ह्या ब्रिटिश पंडिताने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात असे करार तपासून एक मोठी गोष्ट दाखवून दिली. त्या शतकाच्या सुरुवातीला गिऱ्हाइकाचे लक्ष असे सोने किती आणि निळा किती ह्यावर. शतक संपत आले तसा मालाचा भाव मागे पडत गेला आणि हाताच्या कसबाचा भाव पुढे आला. कुशल आणि अकुशल अशी वेतनश्रेणी ठरवताना आम्ही वर्षानुवर्षे ज्यावर भांडलो, तोच हा प्रश्न. आम्ही त्याच्याकडे भिंतीवरचे शोभेचे चित्र म्हणून पाहत होतो, एवढेच.

हा झाला विषयाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग म्हणजे डोळ्यांचा अभ्यास. चित्राविषयी काही वाचण्याच्या आधी चित्र पाहायचे, आणि जे दिसते तेवढेच लिहायचे. उजेड कोठून येतो, नजर प्रथम कोठे जाते, ती तिथे का अडते, कोणती आकृती कोणाला झाकते, हात कुठे आहेत. ह्याला दृश्य विश्लेषण म्हणतात. ऐकायला सोपे वाटते. करून पाहा! अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातल्या जेनिफर रॉबर्ट्स ह्या प्राध्यापिका विद्यार्थ्याला एका चित्रापुढे तीन तास बसायला सांगतात. त्यांनी स्वतःचाच अनुभव २०१३ साली लिहिला आहे. कॉप्ली नावाच्या चित्रकाराने १७६५ साली काढलेले खारीशी खेळणाऱ्या एका मुलाचे चित्र त्या पाहत होत्या. मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटावरच्या केसांच्या कडेचा आकार एकच आहे, हे ध्यानात यायला त्यांना नऊ मिनिटे लागली. मागच्या पडद्याच्या चुण्या सहज पडलेल्या नसून त्यांतही मुलाच्या कानाडोळ्याचेच आकार आहेत, हे कळायला पाऊण तास लागला. ह्या बाई त्या विषयातल्या जाणत्या. तरी पाऊण तास!

ह्यात कामगाराला परके काय आहे? यंत्राचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेले हे सांगणारा फिटर आपण पाहिला आहे. कापडाचा तागा हातावरून सरकताना तुटलेला धागा पकडणारी माणसे ह्या राज्यात लाखांनी होती. लक्ष देऊन पाहण्याची शक्ती आपल्यात आहेच. ती आजवर दुसऱ्याच्या मालावर खर्च झाली आहे.

आता, असे शिक्षण कामकऱ्याच्या घरापर्यंत आले कसे, ते पाहू. ही कथा इंग्लंडातली आहे, आणि तिची सुरुवात संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे.

इंग्लंडात १९०३ साली कामगारांच्या शिक्षणासाठी एक संघटना निघाली. विद्यापीठाच्या शिक्षकांनी गावोगाव जाऊन कामगारांना संध्याकाळी शिकवावे, ही तिची पद्धत. उत्तरेकडे ॲशिंग्टन नावाचे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. तिथल्या कामगारांनी १९३४ साली ह्या संघटनेतर्फे कलेचा वर्ग मागितला. रॉबर्ट लायन नावाचे शिक्षक न्यूकॅसलहून येऊ लागले. त्यांनी भिंतीवर इटालियन चित्रांच्या काचा दाखवायला सुरुवात केली. आता ज्यांनी दिवसभर खाणीत ओणवे होऊन कोळसा काढला आहे, त्यांना चारशे वर्षांपूर्वीच्या छतावरचे देवदूत दाखवून काय होणार? कामगारांनी स्पष्ट सांगितले की, ह्यातून आम्हाला काही उमगत नाही. लायन शहाणे होते. त्यांनी व्याख्यान आवरते घेतले आणि कामगारांच्या हातात हत्यारे आणि रंग दिले. करून पाहा म्हणजे कळेल, असे ठरले. १९३६ साली ही मंडळी लंडनला चित्रे पाहून आली, आणि त्याच साली न्यूकॅसलमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शनही भरले. ऑलिव्हर किलबोर्न आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलेली खाणीची, कबुतरांची, जेवणाच्या डब्यांची चित्रे आज त्याच भागातल्या वुडहॉर्नच्या जुन्या खाणीत उभारलेल्या संग्रहालयात आहेत. ही मंडळी खाण सोडून चित्रकार झाली नाहीत. दिवसा खाण आणि संध्याकाळी चित्र, असा त्यांचा क्रम पुष्कळ वर्षे चालला, आणि गट टिकला १९८४ पर्यंत.

ह्या गोष्टीतून आम्ही एक धडा घेतला. वरून ओतलेले शिक्षण कामगाराच्या अंगावरून वाहून जाते. त्याला विचारण्याची, अडवण्याची आणि करून पाहण्याची मुभा असली तरच ते मुरते. ऑनलाइन पदवी तपासताना हे माप आपण हाताशी ठेवू.

परंतु संध्याकाळचा वर्ग ज्या गावी शिक्षक पोचेल त्याच गावी भरणार. रात्रपाळीच्या माणसाचे काय? तान्हे मूल असलेल्या बाईचे काय? ह्यावर उत्तर निघायला आणखी तीस वर्षे गेली. मजूर पक्षाचे पुढारी हॅरोल्ड विल्सन यांनी १९६३ साली ग्लासगोच्या भाषणात आकाशवाणीवरून चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. पुष्कळांनी तिची टवाळी केली. ती प्रत्यक्षात आणली जेनी ली ह्या बाईंनी. ह्या स्कॉटलंडच्या एका खाणकामगाराच्या कन्या. त्या ब्रिटनच्या पहिल्या कलामंत्री होत्या, आणि मुक्त विद्यापीठाची उभारणीही त्यांच्याकडेच होती. कला आणि कामगारांचे विद्यापीठ ही दोन कामे एकाच व्यक्तीच्या टेबलावर असावीत, हा आम्हाला नुसता योगायोग वाटत नाही. १९६९ साली विद्यापीठाला सनद मिळाली, १९७१ साली पहिले विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशाला कोणतीही आधीची परीक्षा लागत नसे, आणि आजही सर्वसाधारणपणे लागत नाही. धडे टपालाने येत, व्याख्याने पहाटे आणि रात्री उशिरा बी. बी. सी.वर लागत, आणि उन्हाळ्यात आठवडाभर एकत्र राहून शिकायचे शिबीर असे. टपालाची जागा पुढे संगणकाने घेतली. अभ्यासक्रमांचे रात्रीचे प्रक्षेपण २००६ साली बंद झाले. आपल्या देशातही दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाने शिक्षण सुरू केले होते. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. तेव्हा ऑनलाइन पदवी ही काही आकाशातून पडलेली वस्तू नव्हे. तिची वंशावळ शोधत गेलो तर संध्याकाळी हातपाय धुऊन वर्गाला येणारा कामगार भेटतो.

आता तिचा प्रत्यक्ष व्यवहार. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचाच हिशेब देतो, कारण तो कामगाराला समजेल असा तासांत मांडलेला असतो. पूर्ण पदवीला ३६० श्रेयांक लागतात. एका श्रेयांकाला सुमारे दहा तास अभ्यास धरलेला असतो. म्हणजे एकूण ३,६०० तास. आठ तासांची एक पाळी धरली तर साडेचारशे पाळ्या झाल्या! नोकरी सांभाळून शिकणारा वर्षाला ६० श्रेयांक घेतो, आणि सहा वर्षांत पदवी पुरी करतो. शिकवणीच्या महिन्यांत आठवड्याला सोळा-अठरा तास काढावे लागतात. एवढे ऐकूनच निम्मे उमेदवार गळतील. गळोत, परंतु घरबसल्या पदवी म्हणजे आरामखुर्चीतली पदवी नव्हे, हे आधी कळलेले बरे.

सुरुवातीला साहित्य, संगीत, तत्त्वज्ञान, इतिहास यांची एकत्र ओळख करून देतात. मग चित्र, शिल्प आणि इमारत वाचायची कशी, हे येते. पुढे एकेका काळाचा आणि प्रश्नाचा सखोल अभ्यास. पूर्वी हा विषय म्हणजे युरोपचीच वंशावळ असे. ग्रीस, रोम, इटली, पॅरिस, आणि वाटेत कोठे तरी बाकीचे जग. ती रीत आता मोडत चालली आहे. ह्या विद्यापीठाने कला आणि तिचे जागतिक इतिहास, असा अनेकवचनी नावाचा अभ्यासक्रमच तयार केला. एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात माल, माणसे आणि गुलाम कसे गेले आणि त्यांच्यासोबत आकृत्या आणि रंग कसे फिरले, हे त्यात शिकवतात.

विद्यार्थी धडा वाचतो, चित्रे पाहतो, ठराविक तारखेला निबंध पाठवतो. त्याला नेमून दिलेला शिक्षक तो तपासून शेरे लिहून परत करतो. मधून मधून पडद्यावर वर्ग भरतो. आम्ही अनेकांना विचारले आणि आमचे मत असे झाले की, ह्या साऱ्या यंत्रणेत जीव आहे तो त्या शेऱ्यांत. चित्रफिती जगात पैशाला पासरी आहेत. परंतु तुम्ही लिहिलेले वाक्य नेमके कुठे लंगडे आहे, चित्रात नसलेली गोष्ट तुम्ही कुठे पाहिलीत, हे सांगणारा माणूस दुर्मिळ. पदवी निवडताना चित्रफिती किती, हे विचारू नका. माझा निबंध कोण वाचणार, किती दिवसांत वाचणार, आणि त्याला माझ्यासारखे आणखी किती निबंध वाचायचे आहेत, हे विचारा. शेवटचा प्रश्न त्या शिक्षकाच्याही हिताचा आहे, कारण तोही कामगारच आहे.

आता सर्वांत मोठा आक्षेप. चित्र पडद्यावर पाहून कलेचा अभ्यास होईल काय? हा आक्षेप पोकळ नाही. रेम्ब्रांटचे 'रात्रीचा पहारा' हे १६४२ सालचे चित्र सुमारे साडेचार मीटर रुंद आहे. 'मोनालिसा' पाऊण मीटरच्या आसपास उंच. मोबाइलवर दोन्ही चार बोटांची! पडदा सर्वांना एका मापाचे कपडे शिवतो. रंगाचा थर, दगडाचा खडबडीतपणा, मूर्तीच्या पाठीमागची बाजू, देवळातला अंधार, ह्यांतले काही पडद्यावर येत नाही.

परंतु एक गोष्ट विसरू नये. हा विषय मोठमोठ्या विद्यापीठांतसुद्धा नकलांवरूनच शिकवला गेला आहे. प्लास्टरचे ठसे, छापील चित्रे, छायाचित्रे, काचेवरची चित्रे, ह्यांवर पिढ्या शिकल्या. आपल्या अजिंठ्याचेच घ्या. कंपनी सरकारचा रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी १८४४ पासून लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या नकला करीत होता. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ ह्या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. उरल्यासुरल्यांवरून १८९६-९७ साली दोन मोठे ग्रंथ निघाले, आणि जगाने अजिंठा पाहिला तो पुष्कळ काळ ह्या ग्रंथांतून. नकल आधी आणि अस्सल मागून, अशीच ह्या विषयाची चाल आहे.

शिवाय पडदा काही बाबतींत डोळ्याच्याही पुढे गेला आहे. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ साली 'रात्रीचा पहारा' ह्या चित्राचे ७१,७०० कोटी ठिपक्यांचे छायाचित्र सर्वांसाठी खुले केले. रंगाच्या थरातली बारीक चीर घरी बसून दिसते. संग्रहालयात दोरीच्या अलीकडून ती दिसणार नाही. तेव्हा पडद्याने तपशील शिकावा, आणि माप, वजन, उजेड शिकण्यासाठी पायांनी जावे. आमची ती सभासद एका साप्ताहिक सुटीला खात्यातल्या दोघी मैत्रिणींना घेऊन घारापुरीला जाऊन आली. तिथली सदाशिवाची मूर्ती सुमारे अठरा फूट उंच आहे. परत आल्यावर म्हणाली, "काका, मोबाइलवर खाली मान घालून बघत होते. तिथं वर बघून मान दुखली!" अशा पद्धतीने शिकणाऱ्याच्या मानेला ह्या दोन्ही सवयी हव्यात. घारापुरी, अजिंठा, वेरूळ, कार्ले ज्यांच्या एका दिवसाच्या नाही तर एका रात्रीच्या प्रवासावर आहेत, त्यांनी अस्सल पाहायला मिळत नाही अशी तक्रार करू नये.

आता आम्ही ज्या प्रश्नावर हसलो होतो, त्याकडे येतो. ह्याचा उपयोग काय? २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओबामा विस्कॉन्सिन राज्यातल्या एका कारखान्यात बोलताना म्हणून गेले की, कलेच्या इतिहासाच्या पदवीपेक्षा हातचे कसब शिकून तरुण अधिक कमावू शकतील. कलेच्या इतिहासाच्या एका प्राध्यापिकेने निषेध कळवला, तेव्हा त्यांनी स्वहस्ते पत्र लिहून क्षमा मागितली. आम्हाला विचाराल तर हिशेबाच्या दृष्टीने राष्ट्राध्यक्ष अगदीच चुकले नव्हते. चांगला फिटर पुष्कळ पदवीधरांहून अधिक मिळवतो. चूक होती ती दुसरीच. कारखान्यातल्या माणसाला फक्त कसब हवे, चित्र नको, असे त्या बोलण्यात आपोआप गृहीत धरले गेले. आम्हीही त्या मुलीपुढे तेच गृहीत धरले होते, आणि आम्ही तर तिचे प्रतिनिधी!

चित्र कोणाला हवे, हे कोण ठरवते ते पाहा. इंग्लंडात शालान्त परीक्षेला हा विषय घेण्याची सोय होती, परंतु तो शिकवणाऱ्यांत भरमसाट फी घेणाऱ्या खाजगी शाळाच अधिक. २०१६ साली परीक्षा मंडळाने विषयच बंद करण्याचे जाहीर केले. ओरड झाली, आणि दुसऱ्या मंडळाने तो चालवायचे कबूल केले म्हणून वाचला. मुक्त विद्यापीठाचेही सगळे गोड नाही. इंग्लंडात २०१२ साली विद्यापीठांच्या फीच्या मर्यादा एकदम वाढल्या, आणि नोकरी करून शिकणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. दार सताड उघडे, परंतु उंबरठा छातीएवढा, अशी ती अवस्था. अमेरिकेत २०१४ साली स्टारबक्स ह्या कॉफीच्या कंपनीने आपल्या नोकरांना ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीच्या खर्चाची सोय केली. त्या विद्यापीठाच्या यादीत कलेचा इतिहासही आहे. चांगली गोष्ट आहे. आम्ही तिला नावे ठेवणार नाही. परंतु नोकरी सुटली की सवलत सुटली. ज्याचे शिक्षण मालकाच्या हातात, त्याचे तोंडही थोडेसे मालकाच्या हातात असते. म्हणून शिक्षणाचा हक्क नोकरीच्या करारात असावा, आणि करार संपला तरी तो संपू नये.

ज्यांना ही वाट धरायची आहे, त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली, पदवी आपल्या देशात ग्राह्य आहे की नाही, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीवरून पैसे भरण्यापूर्वी पाहावे. जाहिरातीवरून पाहू नये. परदेशी पदवी असेल तर ही चौकशी दुप्पट करावी. दुसरी, आधी फुकट चाखून पाहावे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने २००६ पासून पुष्कळ अभ्यास विनामूल्य खुला ठेवला आहे, त्यात कलेचा इतिहासही आहे. इंग्रजीची भीती वाटत असेल तर ती इथेच मोडते. शब्दकोश आणि चित्र दोन्ही समोर असतात. तिसरी, एकट्याने शिकू नये. दोघे-तिघे एकत्र बसले, एकच चित्र पाहिले आणि भांडले, तर त्या तासाचे चार तास होतात. चौथी, आठवड्याचे तास आधी घरच्या माणसांपुढे मोकळेपणाने मांडावेत. आपल्या अभ्यासाच्या तासाला घरातली दुसरी बाई चुलीपुढे उभी असेल, तर ते तास आपले नव्हेत, तिचे आहेत.

ती मुलगी आज पदवीधर झाली आहे, असा शेवट आपल्याला आवडला असता. तसे झालेले नाही. फीचे पैसे ती जमवते आहे. फुकटचे तीन अभ्यासक्रम तिने पुरे केले. रविवारी संध्याकाळी युनियनच्या कचेरीत सहा-सात जण एका चित्रापुढे बसतात. पहिल्या दिवशी तिने आम्हाला गिर्लांदायोच्या त्या चित्रापुढे बसवले आणि घड्याळ लावले. वीस मिनिटांनी आम्ही उठलो, कारण फोन आला. ती म्हणाली, "काका, तीन तास झाले नाहीत." ते आम्हाला अजून साधलेले नाही. परंतु मागच्या बाजूला दूरवर दिसणारी बालहत्येची दुर्घटना आम्हाला अठराव्या मिनिटाला दिसली. अनाथ मुलांच्या घरासाठी काढलेल्या चित्रात ती का आहे, ह्यावर आमचा सगळा आठवडा गेला.

यंदाच्या मागणीपत्रकात आम्ही एक नवे कलम घातले आहे. जो कामगार शिकत असेल त्याला परीक्षेपूर्वी भरपगारी अभ्यासरजा, मग विषय कोणताही असो. वाटाघाटीच्या टेबलावर व्यवस्थापनाच्या माणसाने विचारले, "कोणताही म्हणजे? उद्या कोणी कलेचा इतिहास घेतला तर त्याचा कंपनीला उपयोग काय?" आणि ते हसले. ते हसणे आमच्या ओळखीचे होते. आम्ही त्यांना सांगितले, दोन वर्षांपूर्वी आम्हीही असेच हसलो होतो. तेव्हा तुमच्यावर राग नाही. परंतु कलम राहील. वाटाघाटी अजून चालू आहेत. आठ तासांचा दिवस कामगारांनी मिळवला तो नुसता झोपण्यासाठी नव्हे, हे मालकांना पटवणे आमचे काम आहेच. ते आधी आम्हाला पटवावे लागले, आणि ते काम पॅकिंग खात्यातल्या एका मुलीने केले, हे ह्या व्यासपीठावरून कबूल करून आम्ही आपली रजा घेतो.